घराला नाही कसं म्हणायचं

जळगाव स्टेशनवर नवरा सोडायला आला होता आणि गाडी येईपर्यंत त्याची कुरकुर चालू होती. "कॉलेजला सुट्टी लागली की लोक महाबळेश्वरला जातात. तू निर्वासितांच्या वस्तीत चाललीस, तेही फुकट राबायला."

"महाबळेश्वरला फार गर्दी असते," मी म्हटलं.

गाडी हलली तेव्हा मात्र दोघांचेही डोळे भरले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं काही होईल, असं वाटलं नव्हतं.

मी जळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. युगांडाच्या उत्तर टोकाला, दक्षिण सुदानमधून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेला सुट्टीपुरता स्वयंसेवक हवा होता. काम देखरेखीचं आणि विश्लेषणाचं. दिलेली मदत पोहोचते का, कोणाला काय कमी पडतं, हे घरोघर विचारायचं आणि त्या उत्तरांचा अर्थ लावायचा. माझा आकड्यांवर जीव आहे. वर्गातल्या पोरांचा नाही, म्हणून हा जीव कुठेतरी सत्कारणी लागावा अशी इच्छा होती.

युगांडात उतरल्यावर पहिल्याच जेवणाला पानात केळं आलं. कच्चं केळं पानात गुंडाळून वाफवलेलं, ठेचलेलं, वर शेंगदाण्याची पातळ आमटी. याला तिथे मटोके म्हणतात. आमच्याकडच्या, केळीसाठी नावाजलेल्या रावेरच्या माणसाने व्याह्यांपुढे केळ्याचा असा लगदा वाढला तर ठरलेली सोयरीक मोडेल. पण आमटी चाखली आणि गप्प बसले. शेंगदाणा कुठेही गेला तरी आपलाच असतो. फक्त तिखटाचा पत्ता नव्हता. मी पिशवीतून घरची चटणी काढली, तर शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ कुतूहलाने बोटभर घेऊन गेला आणि पाठोपाठ दोन ग्लास पाणी प्यायला.

पुढचा प्रवास जीपचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माती लालभडक, गवत डोक्याएवढं, आणि एका पुलाशी माकडांनी आमच्या ड्रायव्हरच्या हातातला पाव पळवला. काळ्या रानात वाढलेल्या मला ती लाल माती पहिले काही दिवस परकी वाटत राहिली. कपड्यांना लागली की निघायची नाही. नाईल ओलांडताना मी काठ शोधत होते. तापीचा पूर पाहिलेला असूनही एवढं पाणी एका जागी, आणि तेही शांत, कधी पाहिलं नव्हतं.

वस्तीवर माझी प्रमुख होती ग्रेस. तिथलीच, पन्नाशीची, आवाज खणखणीत. तिने पहिल्याच दिवशी काम समजावलं. सीमेपलीकडे आता जरा शांतता आहे, असं वरच्या लोकांचं म्हणणं होतं. म्हणून वस्तीच्या प्रत्येक भागात जाऊन विचारायचं: तुम्ही घरी परत जाणार का? जिथले बहुतेक लोक हो म्हणतील, तिथलं दरमहा मिळणारं धान्य पुढच्या हंगामापासून कमी होणार आणि ती मदत पलीकडे घरं बांधायला जाणार.

"आणि हो म्हणून कोणी इथेच राहिलं तर?" मी विचारलं.

"तर त्यांनी हो का म्हणावं?" ग्रेस म्हणाली. मलाही ते पटलं.

माझ्या वाट्याला आलेल्या भागात कीडेन राहायची. तिशीची, दोन लहान मुलींची आई. नवरा येताना वाटेतच गेला होता. गवताने शाकारलेली तिची गोल झोपडी, समोर सारवलेलं अंगण. अंगणाचं सारवण पाहून मी तिथेच थबकले. कडेला बोटांची नक्षी काढलेली होती, आमच्याकडे पारोळ्याच्या बाजूला चुलीभोवती काढतात तशीच. ती तिच्या बारी भाषेत बोले, ग्रेस मला सांगे, आणि ग्रेस पाणी प्यायला गेली की आम्ही हातवाऱ्यांवर निभावून न्यायचो.

तिला धान्यात लाल ज्वारी मिळाली होती. ज्वारी पाहिल्यावर मला कुठला धीर! मी बाह्या सरसावल्या, पीठ मळलं, आणि खान्देशची अब्रू पणाला लावून भाकरी थापायला बसले. पहिली थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर जाताना मधोमध दुभंगली. तिसरीचे मी स्वतःच तुकडे केले, म्हणजे मुद्दाम केले असं वाटावं. कीडेन आणि तिच्या मुली हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मग ते तुकडे तिने तिळाच्या कुटात बुडवून सगळ्यांना वाटले. कडवट लागले, पण जिभेला ओळखीचे. दुपारच्या उन्हात त्या अंगणात बसून मला घराची फार आठवण आली.

जेवण झाल्यावर मी कामाचा प्रश्न विचारला. घरी जाणार का? कीडेनचा चेहरा उजळला. "जाणार!" शेजारच्या बायकांनीही मान डोलावली. एकीने तर आनंदाने जीभ हलवून आरोळी ठोकली. त्या भागात मी जिथे गेले तिथे हेच उत्तर. इतकी एकमुखी उत्तरं संख्याशास्त्राच्या पुस्तकातसुद्धा सापडत नाहीत. मी ग्रेसला सांगितलं, ती खूश झाली.

अहवाल पाठवायच्या आधी मी ग्रेसबरोबर कीडेनकडे सहज चक्कर टाकली. ती झोपडीमागे कसाव्याच्या (साबुदाणा करतात तो कंद) कांड्या लावत होती. मीही मदतीला बसले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला रोप दिसलं की तोंडातून पहिला प्रश्न एकच निघतो. ग्रेसमार्फत मी विचारलं, "काढायला कधी येणार हे?"

"पुढच्या वर्षी. जरा उशिराही."

"आणि तू घरी कधी जाणार?"

"जाणार ना," ती म्हणाली आणि पुढची कांडी मातीत खोचली.

मी ग्रेसकडे पाहिलं. ग्रेसने तिला जरा दरडावूनच विचारलं, मग हो का म्हणालीस? कीडेन हातातली माती झटकत उभी राहिली.

"तुम्ही घराचं विचारलंत. घराला नाही कसं म्हणायचं? तिथे माझी आई पुरलेली आहे. मी नाही म्हटलं तर तिला ऐकू जाईल."

आमच्याकडे आखाजी (अक्षय तृतीया) हा लेकींचा सण. त्या दिवसांत माहेराहून मुराळी, म्हणजे बहुधा भाऊच, बहिणीला न्यायला येतो. झाडांना झोके टांगलेले असतात. त्या आधी गल्लीत बाया एकमेकींना विचारतात, जाणार ना? आणि एकही बाई नाही म्हणत नाही. जिचं माहेर उरलेलं नाही, तीही नाही म्हणत नाही. खरं काय ते पुढच्या प्रश्नाला कळतं: घ्यायला कोण येणार? माझी आई गेल्यापासून माझ्याकडे मुराळी आलेला नाही. भावाशी भांडण म्हणाल तर तेही नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. आणि मी इथे लाल मातीत बसले होते तेव्हा तिकडे आखाजीच चालू होती.

मी कीडेनला विचारलं, "तिथे तुला घ्यायला कोण येईल?"

"भाऊ आला असता," ती म्हणाली. मला हे सांगताना ग्रेसचा खणखणीत आवाज पार खाली उतरला.

मी आणि ग्रेस त्या भागात पुन्हा फिरलो. तीच घरं, एक प्रश्न जास्त. पलीकडे कोण आहे? कोणाच्या घराला छप्पर उरलेलं नव्हतं, कोणाच्या शेतात दुसरेच राहायला आले होते. बहुतेकांचं कोणीच नव्हतं. बायका आधीसारख्या हसल्या नाहीत. एक म्हातारी तर उठून झोपडीत निघून गेली. ग्रेस वाटेत माझ्यावर चिडली, "तुझा हा प्रश्न विचारायला मला लाज वाटते." वाटत मलाही होती. पण तिने संस्थेच्या बैठकीत माझ्याआधी उठून सगळं मांडलं, वरच्या माणसाने तोंड वाकडं केलं तरी खाली बसली नाही. शेवटी त्या भागाचं धान्य कमी करायचं नाही, असं ठरलं. मला इतका आनंद झाला की मी ग्रेसला घेऊन, चालत नाही, जवळजवळ पळतच कीडेनकडे गेले.

तिने ऐकून घेतलं. मुलींचं पोट भरणार म्हणून माझा हात हातात घेतला, कपाळाला लावला. मग म्हणाली, "म्हणजे माझं तिथे कोणी नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

"सांगावं लागलं."

"हो. सांगायला हवंच होतं," ती म्हणाली, आणि अंगणात बसून रडायला लागली. मी शेजारी बसून राहिले. निघायच्या दिवशी तिने भाजलेले तीळ बांधून दिले, आम्ही गळ्यात पडलो, पण पुन्हा कधी येशील हे तिने विचारलं नाही.

परतताना मुंबईहून जळगावची गाडी पकडली. चाळीसगावला समोरच्या बाकावर एक म्हाताऱ्या अक्का येऊन बसल्या. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. खिडकीबाहेर काळी नांगरलेली रानं दिसायला लागली आणि मला भरून आलं. अक्कांनी ते पाहिलं आणि आमच्या बोलीत विचारलं,

"कोन गावनी शे वं माय तू?" (कुठल्या गावची गं बाई तू?)

"जळगावले ऱ्हास. माहेर पारोळाकडलं." (जळगावला राहते.)

"आखाजीले गयथी का मंग?" (आखाजीला गेली होतीस का मग?)

"नही जमनं अक्का. बाहेरदेशले व्हतू."

"आते जाशी ना?" (आता जाशील ना?)

एका अख्ख्या वस्तीला पुढचा प्रश्न विचारून आलेली बाई मी. उत्तरं कशी तपासायची हे पोरांना शिकवते. मी डोळे पुसले आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले, "जासु ना अक्का! जासु नही तं काय!" (जाईन ना, जाणार नाही तर काय!)

अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. घेवाले कोन येई (घ्यायला कोण येईल), हे त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून भाकरी काढली, मोडली, आणि अर्धी माझ्यापुढे धरली.