सव्वाचारचा घोट

दादा बावीस वर्षं टॉवर क्रेन चालवत होते. साठ मीटर उंचीवर कपाटाएवढी केबिन, चारी बाजूंनी काच, आणि वर जायला एकच रस्ता, शिडी. कामगार त्या केबिनला माळा म्हणायचे. दादा सकाळी सहाला माळ्यावर चढायचे ते बाराला जेवायलाच उतरायचे. वर संडास नाही, मोरी नाही. मध्येच उतरायचं तर पाऊण तास सगळ्या कामाचा खोळंबा आणि इंजिनिअरची बोलणी. म्हणून उठल्यापासून दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे त्यांनी अंगी बाणवलं होतं. क्रेनवाले सगळे असेच. नव्या माणसाला लिव्हर हातात द्यायच्या आधी ही विद्या शिकवतात.

सहा तासांची तहान मग बाराला एकदम फिटायची. शिडीच्या पायथ्याशी 'खालचा' पाण्याचा जग घेऊन उभा असायचा. खालचा म्हणजे हुकाखाली उभं राहून रेडिओवरून दादांना दिशा देणारा माणूस. पंधरा वर्षांची जोडी. त्याला दुसरं काही नाव असेल, हेच सगळे विसरले होते. जग अॅल्युमिनियमचा, पोचे आलेला, दीड लिटरचा. दादा तो दोन्ही हातांनी तोंडाला लावायचे आणि एका दमात रिकामा करायचे. गवंडी थाप्या खाली ठेवून बघत राहायचे. पाणी घशातून छातीत, छातीतून पोटात उतरताना दादांना जे वाटायचं, त्याला सुख हा एकच शब्द आहे आणि तोही तोकडाच.

वर बसून बसून वजन मात्र वाढत गेलं. शिडीभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याला खांदे घासायला लागले, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी चढायला मनाई केली. मग वजन उतरवायचं ऑपरेशन झालं. पोटाचा बराचसा भाग काढून टाकला, उरलं ते केळ्याएवढं. "आता जगातलं पाणी कुठं ठेवणार, दादा? खिशात?" दवाखान्यात भेटायला आलेल्या खालच्यानं विचारलं होतं, आणि टाके दुखत असूनही दादा हसले होते.

घरी आल्यावर हसू आटलं. आहार सांगणाऱ्या ताईंनी बजावलं होतं: दिवसाला दीड ते दोन लिटर, पण घोटघोट. औषधाच्या छोट्या कपानं. जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. तहानेची वाट बघायची नाही, दिवसभर पीत राहायचं. हे काम दादांना क्रेनपेक्षा अवघड वाटायला लागलं. कप तोंडाला लावला की संपलाच, आणि घशाला काही पत्ताच नाही. एकदा राहवेना म्हणून त्यांनी अर्धा पेला गटागटा प्यायला. छातीत वीट अडकल्यासारखं झालं. अर्धा तास ते भिंतीला टेकून घाम पुसत बसले आणि बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पाणीसुद्धा अडकतं का गं?" त्यांनी विचारलं.

"घाई केली की सगळंच अडकतं," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून, चार गल्ल्या पलीकडे, त्यांची क्रेन दिसायची. पिवळी, आणि आता परक्याच्या हातात. दादा खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसायचे. "बघ, वळवताना झटका दिला. माल लोंबकळतोय नुसता," असं कढईकडे लक्ष असलेल्या बायकोला सांगायचे. त्यांना वर जायचं होतं, दुसरं काही नको होतं. आणि उतरल्यावर तो जग हवा होता. जेवणाची आठवण त्यांना येतच नसे. जगाची मात्र इतकी यायची, की बायकोनं कुठलंही भांडं धुऊन पालथं घातलं तरी ते तिकडे बघायचे.

तीन महिन्यांनी तपासणी होती. डॉक्टरांनी सही केली की सोमवारी माळ्यावर, असं इंजिनिअरनं फोन करून सांगितलं. दादांचा आनंद गगनात मावेना, आणि त्या भरात त्यांना भलतीच काळजी लागली. दिवसभर घोटघोट प्यायची सवय घेऊन वर गेलो तर वारंवार उतरावं लागेल, लोक हसतील. म्हणून त्यांनी सराव सुरू केला. सकाळी सहा ते बारा, थेंब नाही. क्रेनवाल्याचा जुना नेम. बारानंतर आधीसारखा जग काही पोटात जाईना, त्यामुळे राहिलेलं पाणी राहूनच गेलं. डोकं दुखायला लागलं, लघवी गडद पिवळी झाली. बायकोला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यात नंबर पुकारला, दादा बाकावरून उठले आणि तिथेच कोसळले.

दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर ओरडले नाहीत. पलंगापाशी बसून त्यांनी एवढंच विचारलं, "हे वर झालं असतं, तर हुकाखाली कोण असतं?"

"खालचा," दादा म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. बावीस वर्षांत त्यांच्या हुकाखाली कुणाला ओरखडाही आला नव्हता.

सही मिळाली नाही. आणखी सहा आठवडे. चूक कळली होती, पण पाणी म्हटलं की मन उडायचं. चौथ्या दिवशी खालचा घरी आला तो एक जुना रेडिओ घेऊन.

"वहिनी, हा चार्जिंगला लावून ठेवा. आपला जुना चॅनल आहे, नवा वरचा दुसऱ्यावर बोलतो. दादा, माल खाली घेताना मी काय सांगतो?"

"खाली. हळू. हळू. बस."

"तेच. इंच इंच उतरवता ना गर्डर? तसंच पाणी. दर पंधरा मिनिटांनी मी सांगणार, तुम्ही उतरवायचं. आणि वर बाटली न्यायचीच, आणि उतरावं लागलं तर उतरायचं. इंजिनिअरचं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीत रेडिओ खरखरायला लागला. आठ वाजता, सव्वाआठला, साडेआठला. "खाली... हळू... हळू... बस." दादा कप धरायचे, आवाजाबरोबर पाणी उतरवायचे, बस म्हटलं की थांबायचे. मागून वाळू उतरवल्याचे, मिक्सर फिरल्याचे आवाज यायचे आणि दादांना भरून यायचं. जेवणाची वेळ खालचा स्वतःच सोडायचा. एखादी हाक चुकली तर पुढच्या वेळी म्हणायचा, "मघाशी कॉंक्रीट आलं होतं, दोन घोट बाकी." संध्याकाळी बाटली मोजली की दीड लिटर भरायचं, कधी पावणेदोन. डोकेदुखी गेली. पायांत बळ आलं.

पण इमारत दादांसाठी थांबणार नव्हती. पाचव्या आठवड्यात शेवटचा स्लॅब पडला, आणि सहाव्यातल्या शुक्रवारी क्रेन उतरवायला घेतली. दादांची तपासणी सोमवारी होती. ते सकाळपासून खिडकीत बसले. आधी क्रेनचा आडवा हात उतरला, मग केबिन. केबिन हवेतून खाली जाताना त्यांना आपलंच काहीतरी कुणी काढून नेतंय असं वाटलं. तीन वाजता रेडिओ बोलला. "खाली... हळू... हळू... बस." मग जरा थांबून, "दादा, आता ट्रकबरोबर निघतो. नवीन साइट शहराच्या पार पलीकडे आहे. हा रेडिओ तिथवर पोचायचा नाही. सोमवारी सही घ्या आणि या. जग बरोबर नेतोय."

"येतो," दादा म्हणाले.

सव्वातीन झाले, साडेतीन झाले, पावणेचार झाले, चार झाले. कप भरलेला होता, तो तसाच राहिला. चार गल्ल्यांपलीकडे नुसतं आभाळ होतं. दादांना क्रेनची आठवण येईल असं वाटलं होतं. आली ती त्या आवाजाची, आणि ती इतकी आली की घसा कोरडा असून पाणी पिववेना.

सव्वाचारला बायको कणकेचे हात घेऊन दारात आली. क्रेनजवळ ती आयुष्यात कधी गेली नव्हती. पाच आठवडे त्या खिडकीपाशी स्वयंपाक मात्र केला होता.

"खाली," ती म्हणाली.

दादांनी मान वळवली.

"हळू," ती म्हणाली. आवाज जरा कापरा होता, पण मधलं अंतर अगदी बरोबर. "चार घोट बाकी आहेत. हळू."

दादांनी कप ओठांना लावला आणि डोळे मिटून बस म्हणायची वाट बघू लागले.