टाकीच्या तळाला माझं अक्षर

मित्रांनो, संध्याकाळपासून पाणी घशाखाली उतरत नाहीये.

कुरुळीत माझी वेल्डिंगची शेड आहे. धरणात पर्यटक फिरवणाऱ्या एका बोटीच्या संडासाची टाकी आज सकाळी पूर्ण केली. मैला टाकीतच साठवायचा आणि किनाऱ्यावर आणून उपसायचा, असा नियम आहे.

बोटवाला म्हणाला, "भाऊ, तळाला एक व्हॉल्व्ह बसव ना. पाण्यातच सोडून देऊ, कोण बघतंय?"

मी बसवला. सवयीने शेजारी माझ्या नावाचं पहिलं अक्षरही ठोकलं. आम्ही वेल्डर आपल्या कामावर अशी पंचची खूण मारतोच. टेम्पो टाकी घेऊन गेला.

घरी आलो तर नळाला पाणी आलेलं, त्याच धरणाचं. आईने तांब्या भरून तोंडाला लावला. मला तांब्याच्या तळाला तेच अक्षर दिसल्यासारखं झालं.

"असा काय बघतोयस रे?" तिने विचारलं.

तुम्ही काय सांगितलं असतं?