केनवडचे पाहुणे आणि माझं तापलेलं कार्ड

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आमच्या घरातला एकुलता एक कूलर माझ्या कॉम्प्युटरकडे तोंड करून उभा होता.

आता यात माझी चूक ऐंशी टक्के. उरलेली वीस टक्के आमच्या मामाची. लग्न जमवणारा मधला माणूस तोच होता.

मी किन्हीराजा गावचा. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेऊन परत आलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो. धंदा असा की लोकांनी नवीन घराचा नकाशा आणून द्यायचा आणि मी त्याचा थ्रीडी व्हिडिओ बनवून द्यायचा. पाया खोदायच्या आधीच माणूस आपल्या किचनमधून फिरून येतो! (एक जण तर फिरून आल्यावर बायकोशी भांडला.) या कामासाठी मी कॉम्प्युटरमध्ये चित्रं उभी करणारं एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. जुनं होतं, पण इमानदार होतं.

पोरीचे वडील केनवडला घर बांधत होते. नकाशा त्यांनी आधीच मोबाईलवर पाठवला होता. मॉडेल मी तयार करून ठेवलं, फक्त शेवटचा व्हिडिओ पाहुण्यांसमोर काढायचा बाकी होता. त्याला चाळीस मिनिटं लागणार होती. आणि मामा तिकडे सांगून बसला होता, "आमचा भाचा तुमचं घर चहा पेईपर्यंत उभं करून दाखवते!"

"मामा, चाळीस मिनिटं लागतात."

"अबे, चाळीस मिनिटं चहा कोण पेते? तू ग्रॅज्युएट होय का नाही?"

झालं! माझ्या पदवीला हात घातला की माझं डोकं चालणं बंद होतं.

कार्डाला कंपनीनं एक वेग ठरवून दिलेला असतो. तो आपल्या हातानं वाढवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की कार्ड तापतं. त्र्याऐंशी अंशांच्या आसपास पोचलं की बिचारं शहाणपणानं स्वतःच हळू होतं. ही शहाणपणाची मर्यादासुद्धा पुढे सरकवता येते. मी वेग वाढवला, मर्यादा सरकवली, आणि कार्डाचे पंखे पुऱ्या वेगानं सोडून दिले. बाहेर वैशाखाचं ऊन, बैठकीवर टिनाचं छप्पर. म्हणजे कार्डाला हवा मिळणार ती आधीच भाजलेली!

एवढ्यात पाहुणे आले. वडील, आणि सोबत खुद्द पोरगी. नाव वर्षा, रिसोडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बसल्या बसल्या तिनंच सांगून टाकलं, "ह्या घरात मले राहाचं हाय, म्हून मीच पाहाले आली."

माय आत पोहे परतत होती. मी छाती काढून व्हिडिओ निघायला लावला. पाच मिनिटांत कार्ड शहाऐंशीवर! पंख्यांचा आवाज असा की मोटारपंप लावल्यासारखा. मी कॅबिनेटचं झाकण उघडलं. सत्त्याऐंशी. टेबलफॅन लावला. अठ्ठ्याऐंशी. मग मी हळूच उठलो आणि पाहुण्यांकडे असलेला कूलर कॉम्प्युटरकडे वळवला.

पोरीचे वडील रुमालानं मान पुसायला लागले.

"बापू, कूलर तिकडं काहून फिरवला गा?" बाबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"बाबा, कार्ड तापून राह्यलं."

"अन् पाव्हणे काय थंड होऊन राह्यले?"

तरी आकडा एक्याऐंशीवर आला. मी विजयी मुद्रेनं वर्षाकडे पाहिलं. तिनं तिच्या ओढणीनं वडिलांना वारा घालणं सुरू केलं होतं.

आणि तेवढ्यात कूलरचं पाणी संपलं. आता तो गरम हवा फेकायला लागला. एकोणनव्वद. नव्वद. पडद्यावर केनवडच्या घराच्या भिंतींना हिरवे ठिपके आले.

"हा कलर मी नाही सांगतला," पोरीचे वडील म्हणाले.

"नवीन फॅशन होय ते!" मामा म्हणाला.

घामाघूम पाहुणे पाहून बाबांना राहवेना. आमचे बाबा कमी बोलणारे आणि एकदम करणारे. "हवाच पाह्यजे ना तुले? मंग देतो हवा!" म्हणून ते मागच्या गोठ्यात गेले, आणि उफणणीचा पंखा ओढत घेऊन आले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी स्टँड, ढालीएवढी पाती, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार. याच्यासमोर तूर ओतली की दाणा जागेवर पडतो आणि भुसा शेजाऱ्याच्या वावरात जातो.

मी ओरडलो, "बाबा, थांबा!" पण बाबांनी बटण दाबलं होतं.

पंखा मागच्या हंगामात वापरून तसाच ठेवला होता. जाळीत, पात्यांत, मोटारीत, सगळीकडे तुरीचा भुसा. तो एका झटक्यात बैठकीत आला! पोरीच्या वडिलांच्या मिशा पिवळ्या झाल्या. चहाच्या कपांवर जाड थर बसला. माय पोह्यांची ताटली घेऊन दारात आली आणि ताटलीतले पोहे उडून मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेले. भिंतीवरची माझी पदवी खिळ्यासकट खाली आली. आणि झाकण उघडं असलेल्या कॉम्प्युटरनं, पंखे पुऱ्या वेगात असल्यामुळे, उरलेला सगळा भुसा मन लावून आत ओढून घेतला.

एक्क्याण्णव! मग पडदा काळा. बैठकीत भाजलेल्या तुरीचा खरपूस वास सुटला.

"डाळ शिजली वाटते," मामा म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

वर्षा उठली. आधी तिनं पंखा बंद केला, मग कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, आणि केसातला भुसा झटकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मशीन जोरात चालवून राह्यले होते ना? आमच्या लॅबातबी एक जण असंच करे."

"थोडंसंच वाढवलं होतं."

"कायले?"

"तुमच्या बाबूजीले घर लवकर दाखवाले."

"घर बांधाले दोन वर्षं लागून राह्यले. बाबूजी अर्धा तास थांबले नसते का?"

मी खाली पडलेली पदवी उचलून भिंतीला उलटी टेकवली.

तिनं मायकडून एक जुना टूथब्रश मागून घेतला. कार्ड थंड व्हायची वाट पाहिली. मग मी ते बाहेर काढलं आणि आम्ही दोघांनी बसून पात्यांमधला भुसा काढला. (लग्नाआधी मुलामुलीला बोलायला वेगळं बसवतात म्हणे. आमचं असं झालं.) कार्ड जागेवर बसवलं, वाढवलेलं सगळं पहिल्यासारखं केलं, कूलरमध्ये पाणी भरून तो पाहुण्यांकडे वळवला. आणि कार्ड चालू झालं! बरोबर चाळीस मिनिटांनी त्यांचं घर पडद्यावर उभं राहिलं, ठिपक्यांशिवाय. पण ते पाहायला तिच्या वडिलांना मागून बोलवावं लागलं. ते बाबांबरोबर गोठ्यात उकिडवे बसून तिथं परत नेलेल्या पंख्याची मोटार न्याहाळत होते.

"विचार करून कळवतो," म्हणून पाहुणे गेले. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. पोरगी आवडली होती, आणि मी तिच्या बापाला भुशात घातलं होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. माय, मामा, मी, सगळे फोनभोवती.

"तो पंखा कुठून घेतला होता हो?" तिकडून प्रश्न आला.

बाबांनी दुकान सांगितलं. मग पात्यांचा घेर विचारला गेला, मोटारीचं तांबं अस्सल आहे का ते विचारलं गेलं, एका तासात किती पोती निघतात ते विचारलं गेलं. बाबा रंगात येऊन सांगत होते. शेवटी, "येत्या हंगामात आठ दिवस द्याल का?" असा प्रश्न आला, आणि बाबा म्हणाले, "अजी, घरचंच समजून घेऊन जा!"

फोन ठेवायची वेळ आली तरी कोणी माझं नाव घेईना. शेवटी मायनंच पदर सावरत विचारलं, "अन् पोराचं काय?"

"हां, पोरगा!" तिकडून आवाज आला. "थे राह्यलंच सांगाचं. वर्षा म्हणते, चालते."

लोकांची लग्नं पत्रिका जुळून होतात. मी पंख्यावर फ्री गेलो.