मामांच्या विहिरीचं पाणी

माझ्या बायकोचे आष्ट्याचे मामा ज्या दिवशी एका जागी पाच मिनिटं बसतील, त्या दिवशी कृष्णा उलटी वाहत महाबळेश्वराला परत जाईल. ते पहिला घास ताटावर खातात, दुसरा उंबऱ्यात आणि तिसरा उसाच्या बांधावर. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तीचा हुकूम त्यांच्या पायांना कुणी वाचून दाखवलाच नाही. मी साताऱ्यात शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या पातळ पदार्थांना मीच जबाबदार. काकवी बिघडली, कर फोन. दूध फाटलं, कर फोन.

अशा माणसाला काचेच्या टाकीत मासा पाळायचं सुचलं हेच नवल. मासाही साधासुधा नाही; तळहाताएवढा, काळा-केशरी, ऑस्कर जातीचा. मामांनी त्याला स्वतःला न मिळालेला हुद्दा दिला, 'सुभेदार मेजर', आणि रोज सकाळी सलाम ठोकू लागले. मामा येरझाऱ्या घालायचे तसा काचेआड मासाही घालायचा. दोघांना धापही एकदमच लागायची, असं मामी सांगतात. दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून विहिरीचं ताजं भरायचं. त्या विहिरीवर मामांचा केवढा विश्वास! पाहुण्याला चहाआधी तांब्याभर पाणी पाजायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. "गोड हाय का न्हाई? असलं पानी सांगलीपत्तोर गावायचं न्हाई!" नाही म्हणणारा पाहुणा अजून जन्मायचा होता.

यंदा मासा खाईना. रंग उतरला, डोक्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडले. मामांनी पाणी बदलायचा सपाटा लावला. आधी दिवसाआड, मग रोज, मग दिवसातून दोनदा. जितकं ताजं पाणी घालावं, तितका मासा मलूल. मग संशय सुरू झाले. मामींनी बादली साबणानं धुतली. वरच्या मळ्यातल्या चुलतभावानं विहिरीत मुद्दाम औषध टाकलं. तीन दिवस मामांनी काठी घेऊन विहिरीवर गस्त घातली; एका बगळ्याची त्यांनी अंगझडती घेतली, असा गावात बोभाटा आहे. शेवटी मला फोन आला. "जावईबापू, आसशीला तसं या. माजा मासा जातूय."

माशांच्या दुकानातून पाणी तपासायची पेटी घेऊन मी आष्टा गाठलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं. पिवळं राहिलं तर बरं, लाल झालं तर पाण्यात खताचा अंश. तेवढ्या वेळात मामांनी घराला अकरा प्रदक्षिणा घातल्या. टाकीचं पाणी लाल. विहिरीचं तर कुंकवासारखं लाल.

"बगा! त्या चुलतभावाचंच काम!" म्हणत मामा स्वतः पळत जाऊन त्याच्या विहिरीचं पाणी घेऊन आले. ते पिवळंच राहिलं.

मामी दारातूनच म्हणाल्या, "आवं, त्येंचा ऊस शेणखतावर हाय. गेल्या साली एकरी टनात त्येंनी तुमास्नी मागं टाकलं, तवापास्नं विहिरीभवती दुप्पट खत कोन वततंय? वरनं ठिबकचं पानी रातंदिस मोकाट. मुरून जानार कुटं त्ये?"

मामा खाली बसले. चांगले पाऊण तास बसले. मग उठून ठिबकच्या खताची तोटी बंद केली, एकरी टनाच्या ऊस स्पर्धेचा भरलेला अर्ज फाडला आणि ज्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते त्या चुलतभावाच्या विहिरीवर कॅन घेऊन गेले.

"ने की गड्या, हवं तेवढं," तो म्हणाला. "पर यंदा मासा जगवायचा का टन काडायचं?"

"मासा," मामा म्हणाले.

मासा सावरला. विहीर काही सावरली नाही. आता मामींच्या घरात प्यायलाही वरच्या मळ्यातलंच पाणी असतं, आणि ते देताना मामा पाहुण्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. मुरलेलं खत निघून जायला किती पावसाळे लागतील, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी दोन-तीन म्हणालो, खरं तर मला माहीत नाही. दर रविवारी ते विहिरीचं पाणी त्याच पेटीतल्या नळीत तपासतात. परवा गेलो तेव्हा खिडकीच्या उजेडात नळी धरून म्हणाले, "जावईबापू, तुमी शिकल्यालं हायसा. जरा फिकट वाटतंय, न्हाई?"

मी नीट पाहिलं. होतं तितकंच लाल होतं.

"व्हय मामा," मी म्हणालो. "जरा फिकट आहे."