कुमुदिनीकाकूंचा चेहरा, क्रमांक एक

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय नव्हती. पुरुषोत्तमकाकांनी गच्ची अडवलेली असायची. एका टोकाला स्टँडवर कॅमेरा, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी कुमुदिनीकाकू. काकांनी हात खाली केला, की काकू ताम्हण घेऊन कॅमेऱ्याकडे चालत यायच्या. पोचल्या की परत टाकीपाशी. "अहो, गुडघे माझे आहेत, कॅमेऱ्याचे नव्हेत," असं दर फेरीला म्हणायच्या आणि पुढची फेरी घालायच्या.

मी नीलम, त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नाशिकहून इथे मोटारीच्या कारखान्यात नोकरीला आले. मी फटकळ आहे असं घरचे म्हणतात, आणि खरं तेच म्हणतात. पहिल्याच रविवारी ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी काकांशी भांडायला वर गेले. तासाभराने त्यांच्या वहीत आकडे लिहीत बसले होते. कपडे बादलीतच कुबट झाले.

काका मूळचे सोलापूरचे. पस्तीस वर्षं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात दुर्बिणींची भिंगं तपासली. केसाएवढा ओरखडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि हे ते प्रत्येकाला एकदा तरी सांगत. मला चार वेळा सांगितलं. निवृत्तीनंतर इथल्या मराठी लोकांच्या लग्नामुंजींचे फोटो हौसेने काढू लागले.

आता घरचंच लग्न होतं. काकांच्या बहिणीची मुलगी कीर्ती. काकांकडे दोन कॅमेरे होते, एक जुना आरशाचा, म्हणजे डीएसएलआर, आणि एक नवा बिनआरशाचा, मिररलेस. अंतरपाट खाली जातो त्या क्षणी कोणाचा ऑटोफोकस चुकणार नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. जुन्याचे फोकसचे ठिपके सगळे मधोमध गर्दी करून. त्यातला एक आपण नेमका डोळ्यावर ठेवायचा. ठेवला तर बेटा इमानी, पण उजेड कमी झाला की मागेपुढे चाचपडत बसायचा. नवा आपणहून माणसाचा डोळा शोधायचा, त्यावर हिरवा चौकोन लावायचा आणि माणूस चौकटीच्या कोपऱ्यात गेला तरी सोडायचा नाही. प्रत्येकी वीस फोटो काकांनी मलाच मोठे करून तपासायला लावले: जुन्याचे तेरा स्वच्छ, नव्याचे एकोणीस. मग काकांनी दोरीवर धोतर टाकलं, त्याच्यामागे काकूंना उभं केलं आणि मला धोतर ओढायला लावलं. वर मूठभर तांदूळही उधळायला लावले, कारण कॅमेरा अक्षतांवर भुलतो म्हणे. जुना भुललाच. नव्याची एक सेटिंग बदलली, तसा तो अक्षतांना दाद देईना.

एकच अडचण होती. शेजारच्या अलमेलू मामी नेमक्या त्याच वेळी वडाम, म्हणजे इकडच्या तांदळाच्या कुरडया, वाळत घालायला यायच्या, आणि नवा कॅमेरा काकूंना सोडून मामींच्या चेहऱ्यावर जायचा. "अय्यो, माझा फोटो कशाला?" म्हणत मामी केस नीट करायच्या. शेवटी काकांनी कॅमेऱ्यात काकूंच्या चेहऱ्याची नोंद केली. चेहरा क्रमांक एक. समोर कितीही माणसं असोत, हा दिसला की आधी हाच धरायचा. मामींचा प्रश्न मिटला.

लग्नाला आठ दिवस उरले असताना काकांनी मला जिन्यात गाठलं. "एक सांगतो, काकूजवळ बोलायचं नाही. माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. दोन्ही डोळ्यांच्या. ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं दिसतं, कडेचं तेवढं नीट. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही." त्यांनी कठडा धरला. "कीर्तीचा अंतरपाटाचा फोटो मीच काढीन असं ती पाच वर्षांची असताना तिला कबूल केलंय. तेवढं होऊ दे, मग कॅमेरा खाली ठेवतो."

म्हणजे गच्चीवरची ती सगळी परीक्षा कॅमेऱ्यांची नव्हतीच. आपल्या जागी कोण बघेल, ते काका निवडत होते. मला भडभडून आलं, आणि ते लपवायला मी पाण्याच्या मोटरवरून वॉचमनशी भांडून आले.

लग्न मांबलम स्टेशनजवळच्या हॉलमध्ये. काकांनी नवा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात अडकवला, असू दे म्हणून. आमच्यात मामा भाचीला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. काकांनी कीर्तीला आणलं, अंतरपाटासमोर उभं केलं, मग काकूंच्या हातात लामणदिवा दिला. "माझ्या जागी तू थांब," म्हणाले आणि पळत नवरदेवाच्या खांद्यामागे येऊन कॅमेरा डोळ्याला लावला. शेवटचं मंगलाष्टक झालं. अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या, काकांच्या कॅमेऱ्याने फोकस लागल्याचं टिक केलं आणि चौदा फोटो एका दमात निघाले. त्यांच्या शेजारून मीही जुन्याने चारदोन काढले. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी टीव्हीवर फोटो लावले. काका खुर्चीत, काकू शेजारी उपमा घेऊन. चौदाही फोटोंत कीर्ती धूसर. मुंडावळ्या धूसर, डोळे धूसर. आणि तिच्या खांद्यामागे, हातात दिवा धरलेल्या कुमुदिनीकाकू, पापणीन् पापणी मोजावी इतक्या स्वच्छ. तीनशे माणसांत कॅमेऱ्याने क्रमांक एक शोधून काढला होता. नोंद पुसायची राहिली होती. मीही विसरले होते, आणि मी म्हणे इंजिनियर.

"कशी आली?" काकांनी विचारलं. टीव्ही त्यांच्या समोर सहा फुटांवर होता.

काकूंनी बशी खाली ठेवली. "कीर्ती आली नाही. मी आलेय."

"चौकोन लागला होता," काका म्हणाले. "लागला एवढं कळलं. कुणावर ते..."

"मला ठाऊक आहे हो," काकू म्हणाल्या. "सहा महिने झाले, माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या कानाकडे बघता. आधी वाटलं, नव्या कुड्या आवडल्या. मग कळलं, समोर बघितलं की मी तुम्हाला दिसत नाही."

मी घाईघाईने जुन्या कॅमेऱ्यातला फोटो लावला. मधला ठिपका कीर्तीच्या डोळ्यावर ठेवून काढलेला तो एकच नीट होता, नाकावर एक अक्षत असलेला. "काका, कीर्ती आहे. छान आलीय." माझा आवाज उगाच मोठा झाला होता.

"तो तिला दे. तू काढलास म्हणून सांग," काका म्हणाले. "आधीचा परत लाव." मी लावला. ते उठून टीव्हीजवळ गेले, मान तिरपी केली आणि काकूंचा हातभर झालेला चेहरा कडेकडेने बघत राहिले. बराच वेळ.

"रडत होतीस?"

"मामाच्या जागी उभी होते. मामाला सवड नव्हती रडायला."

काकांनी डोळे पुसले. मग कॅमेरा उचलून माझ्यापुढे धरला. "हा आता तू वापर."

"ती नोंद पुसून टाकते," मी म्हटलं. "पुढच्या लग्नात घोळ नको."

"ती ठेव," काका म्हणाले. "मला ही समोरून दिसायची बंद झालीय. कुणाला तरी दिसू दे."

मी पुसली नाही. लग्नाला जाताना बंद करते, आले की पुन्हा चालू. रविवारी मी गच्चीवर कॅमेरा लावते, काका टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. अलमेलू मामींचे वडाम असतात, पोरं असतात, चौकोन कुणा ना कुणाच्या चेहऱ्यावर फिरत असतो. मग तो सगळ्यांना सोडून जिन्याच्या दाराकडे पळतो, आणि मी सांगते, "काका, काकू आल्या." काका आधीच मान तिरपी करून बसलेले असतात.