आवाज कमी करणारे उस्ताद

सेलूच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, उस्तादांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या गिटार बँडचा अँप्लिफायर त्यांनीच जोडून दिला होता आणि प्रत्येक कार्यक्रमाला ते सोबत यायचे. एसटीत तो जड डबा मांडीवर घेऊन बसत, देवगाव फाट्यावर गाडी बदलतानाही दुसऱ्याच्या हाती देत नसत. लहानथोर सगळ्यांना ते 'उस्ताद' म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना उस्तादच म्हणायचो. आवाज तपासताना स्पीकरवर तळहात ठेवत आणि म्हणत, "आता बरा हाय."

बहात्तरच्या दुष्काळानंतर पालमला आमचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. मी गिटारचा आवाज पूर्ण चढवला होता. तिसऱ्या गाण्याला लोक उठून जायला लागले. तेव्हा ते सरळ स्टेजवर आले आणि सगळ्यांदेखत माझ्या गिटारचं बटण अर्ध्यावर आणलं.

अपमानानं माझे कान तापले. "लोक गिटार ऐकायला आलेत," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"उस्ताद, गाणाऱ्याचा शब्द मागं पोचंना," ते शांतपणे म्हणाले. "तुमी बी ऐका की जरा."

ते उतरून गेले. मी रागारागानं वाजवत राहिलो. निघालेली माणसं थबकली, मग एकेक करून खाली बसली. आणि आमच्या गायकाचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला. दोन वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून वाजवत होतो.