सावडीचा बैल

आमचे मालक मोठ्या लढाईतून घरी आले तव्हा गावानं त्यांचा असा सन्मान केला, असा सन्मान केला, की आमचं रान पडीक राहायची वेळ आली.

हसू नका, खरं सांगून राह्यले. तव्हा इकडं निजामाचं राज्य. जाफराबादेकडचं आमचं खेडं, आन् तिथून इंग्रजाच्या फौजेत गेलेले हे एकलेच. ब्रह्मदेशाच्या जंगलात गुडघ्यात गोळी बसली, पाय सरळ झाला तो सरळच राह्यला. काठी टेकत आले. पाटलांनी वेशीपासून वाजतगाजत आणलं, फेटा बांधला, नारळ दिला, आन् गावात एकच खुर्ची होती ती चावडीवरून उचलून यांच्या बुडाखाली सरकवली. मी पदराआडून बघत होते. ऊर भरून आला माझा, खोटं कशाला बोलू? इतकी वर्सं रोज कुंकू लावताना वाटायचं, उद्या लावायला मिळतं का न्हाई.

पण मंग त्या खुर्चीनं पिच्छाच सोडला न्हाई. बारसं असो, लगीन असो, पाटलाचा माणूस दारात हजर. "फौजीसायब, कोट घालून या बरं का, बिल्ले लावून." तहसीलदार दौऱ्यावर आले की पाटील यांना असं पुढं करायचे, जसं काही गोळी पाटलांनीच खाल्ली. पंगतीत सगळे खाली मांडी घालून, हे एकटे वर, ताट मांडीवर. लाडू वाढायला ही चढाओढ! पण बोलावं कोणाशी? खालच्यांच्या फेट्यांशी? अर्ध्या पोटी उठून यायचे. घरात नारळ इतके साठले की मी बाळंतिणीसारखी रोज खोबरं खात होते.

यांना पायजे होती ती सावड. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या तसल्याच एकासंगं जोडी लावतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. बैल दोघांचे, मेहनत दोघांची, ही सावड. पाडव्याला गावात सावडी ठरायच्या. लढाईच्या आधी यांची सावड बांधाशेजारच्या गड्यासंगं होती. दोघं लहानपणापासूनचे. औत हाकताना एकमेकांना अशा शिव्या घालायचे की बैलांनी कान पाडावे. फौजेतून आल्यापासून यांचं एकच बोलणं, "पाडवा येऊ दे, आमची सावड लागती का न्हाई बघ." आमच्या गोठ्यात तव्हा बैल एकच उरला होता.

पाडवा आला. हे सकाळपासून ओट्यावर. कोणी फिरकलं न्हाई. मंग आपणच काठी टेकत शेजाऱ्याकडं गेले. त्यानं घोंगडी झटकून अंथरली आन् हात जोडले. "फौजीसायब, तुमी आन् माझ्यासंगं ढेकळात? गाव माझ्या तोंडात शेण घालंल. तुमी आराम करा." आणखी दोघातिघांची दारं झाली. जिकडं जावं तिकडं तेच, आराम करा!

मला बिलकुल कळत होतं. लंगड्यासंगं सावड केली तर आपल्याला जास्ती राबावं लागंल, हे पोटात. ओठावर मान. हात जोडायला खर्चा काय लागतो? त्या पावसाळ्यात मुगापुरतं रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला दिलं. आपल्या रानात दुसऱ्याचं औत चालताना हे बांधावर बसून बघायचे आन् घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. लढाईनं वाळला नव्हता एवढा माणूस मानानं वाळला. रब्बीची पेरणी बी अशीच गेली तर हा माणूस हातचा जाईल, अशी मला धास्ती पडली.

तेवढ्यात पोळा आला. बैल मिरवताना वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी दरसाल पाटलांची. यंदा पाटील म्हणले, पहिली जोडी आमच्या फौजीची. वा रे वा! मंग कोणाच्या तरी ध्यानात आलं की फौजीकडं बैल एकच. पाटील म्हणले, "त्यात काय, माझा पांढरा घ्या जोडीला. मिरवून झालं की गडी माघारी घेऊन येईल." म्हणजे मिरवायला बैल हाय, पेरायला न्हाई! माझं टाळकंच फिरलं.

तोरण तुटलं, मारुतीला फेरी झाली, जोडी आमच्या दारात आली. मी पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. सारा गाव दारात उभा. आन् मी दोन्ही बैल गोठ्यात नेऊन दावणीला बांधून टाकले. पाटलाचा सालगडी कासरा सोडायला आला तशी त्याच्या आडवी झाले. "मानाची जोडी हाय ही. तोरणाखालून गेली की पेरणी होईस्तोवर मोडायची न्हाई. मोडली तर गावावर येतं."

असा काही रिवाज नव्हता. मी उभ्या उभ्या घडवला. पाटलांनी देवळाच्या गुरवाकडं बघितलं. आता गुरवाला एखादा रिवाज माहीत न्हाई, असं जल्मात झालं न्हाई. त्यानं डोळे मिटले, मुंडी हलवली. "हाय. लई जुना हाय." झालं! पाटील हसले, म्हणजे दात दिसले नुसते. गावादेखत दिलेला मान परत मागायचा कसा?

मालक तापले. "तू सगळ्या गावापुढं खोटं बोललीस."

"आन् तुमाला खुर्चीवर बसवत्यात ते लई खरं हाय का?" मी म्हणलं.

उठले आन् पांढऱ्याला वैरण टाकायला गेले. हस्ताचा पाऊस झाला तशी त्यांनी पेरायची तिफण धरली. चाड्यावर बी सोडायला मी. पाय फरफटत, घामाघूम, तासं सापासारखी वाकडी, पण सगळं रान पेरलं. बांधापलीकडून तो शेजारी बघायचा. बोलायचा मात्र न्हाई.

पेरणी होताच पांढरा माघारी गेला, आन् त्याच्या मागं मानही गेला. पाटलांचा राग तो! शिमग्याला नारळ न्हाई, पंगतीला खुर्ची न्हाई, तहसीलदार आले तर बोलावणं न्हाई. पाटील तिकडं गाव. लोक रस्त्यानं खाली बघून जायचे. आता मी घाबरले. ज्वारी घरात आली, पण मान गेला आन् सावडही न्हाई. जीभ चालवून मी हे काय करून बसले?

पाडव्याला हे ओट्यावर आलेच न्हाईत. आत पडून राह्यले. मी गुढी उभारत होते तर बोळातून आवाज आला, "आरं ए! मेलास का आत? रान काय तुझा बाप वखरंल का?"

बांधाशेजारचा तो. हातात त्याच्या बैलाचा कासरा. "गेल्या पाडव्याला मी शेण खाल्लं," तो दारातूनच ओरडला. "खुर्चीवर बसला होतास, मला वाटलं ह्याच्याच्यानं आता काय होतंय. पेरणीत बघितलं तुझं. तासं पहिल्यापासून वाकडीच घालतोस. चल, जल्दी कर, ऊन वर आलं."

हे उठले. काठी सापडंना, तसेच भिंतीला धरून दारात आले. डोळ्याला पाणी, आन् तोंडातून अशी शिवी निघाली की गुढीपुढं मला कानावर हात ठेवावे लागले. तो बी कमी न्हाई. मी चुलीपुढं जाऊन रडून घेतलं.

पाडव्याचा मुहूर्त म्हणून दोघांनी थोडं वखरलं आन् दुपारी आमच्या ओट्यावर जेवायला आले. तो मांडी घालून, हे एक पाय लांब करून त्याच्या शेजारी खाली. मी पोळ्या वाढून आत वळले तर मागून यांची हाक आली, "अगं, अजून एक आण." लढाईवरून आल्यापासून यांनी ताटात काही मागून घेतलं ते त्या दिवशी.